पंच-कार्ड ते स्टेप : अभियांत्रिकी प्रतिमानांच्या देवघेवीचा इतिहास

यंत्राचे संकल्पचित्र एकाने काढावे, त्याच्या बळकटीचा हिशेब दुसऱ्याने मांडावा आणि ते प्रत्यक्ष घडवावे तिसऱ्याने, ही कामाची वाटणी संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे कागदावरील चित्र. चित्रात एखादी मिती लिहावयाची राहून गेली, तर कारागीर ती विचारून घेई, अथवा अनुभवाने ताडीत असे. संगणकाला ताडता येत नाही. एका आज्ञावलीने लिहिलेली फाइल दुसरीने वाचावयाची असेल, तर कोणता अंक कोठे लिहावा, कोणत्या नावाचा अर्थ काय घ्यावा, हे सारे अगोदर ठरलेले असावे लागते. या ठरीव मांडणीलाच फॉरमॅट असे म्हणतात. अभियांत्रिकी प्रतिमानांच्या फॉरमॅटांचा गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहू गेल्यास त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. काही फॉरमॅट वापरता वापरता सर्वमान्य झाले, तर काही तज्ज्ञांच्या समित्यांनी विचारपूर्वक सिद्ध केले. शास्त्रापेक्षा रूढी बलवत्तर असते, असे धर्मशास्त्राच्या संदर्भात आपल्याकडे वारंवार म्हटले जाते. ज्या क्षेत्रात सारे काही तर्काने ठरावे अशी अपेक्षा, तेथेही ते कितपत लागू पडते, हे या इतिहासावरून तपासता येते.

पहिल्या प्रवाहाचा उगम अमेरिकेच्या अंतराळ-कार्यक्रमात आहे. १९६४ मध्ये नासा या संस्थेच्या निरनिराळ्या केंद्रांतील संरचनाविषयक संशोधनाचा आढावा घेण्यात आला, तेव्हा असे आढळले की, जवळजवळ एकाच स्वरूपाच्या गणितासाठी प्रत्येक केंद्र आपापली आज्ञावली लिहीत आहे. मग गॉडार्ड अंतराळ केंद्रातील टॉमस बटलर यांच्या नेतृत्वाखाली एका समाईक आज्ञावलीची योजना आखली गेली आणि तिचे काम कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन, मॅकनील-श्वेंडलर कॉर्पोरेशन इत्यादी कंपन्यांकडे सोपविण्यात आले. तिचे नाव नास्ट्रान. १९७० मध्ये ती सार्वजनिक वापरासाठी खुली झाली आणि जॉर्जिया विद्यापीठातील कॉस्मिक या केंद्रामार्फत तिचे वितरण सुरू झाले. ती सरकारी खर्चाने तयार झाली होती, तिची कागदपत्रे कोणालाही पाहता येत होती. पुढील साऱ्या कथेत ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

नास्ट्रानला प्रतिमान कसे सांगावयाचे? त्या काळी माहिती संगणकात शिरे ती पंच-कार्डांवरून. आय.बी.एम. कंपनीने १९२८ मध्ये रूढ केलेल्या कार्डावर ८० स्तंभ असत. नास्ट्रानच्या कर्त्यांनी या ८० स्तंभांचे प्रत्येकी ८ स्तंभांचे १० रकाने पाडले. पहिल्या रकान्यात कार्डाचे नाव. ते 'ग्रिड' असेल, तर दुसऱ्या रकान्यात नोडचा क्रमांक, तिसऱ्यात निर्देशक-पद्धतीचा क्रमांक आणि चौथ्या, पाचव्या व सहाव्यात त्या नोडचे तीन निर्देशांक. दहावा रकाना पुढील कार्डाशी जोड दाखविण्यासाठी राखलेला. विमानाचा पंख असो वा उपग्रहाचा सांगाडा, त्याचे वर्णन शेवटी अशा कार्डांच्या गठ्ठ्यात होई. या मुख्य गठ्ठ्यातील कार्डांना क्रमाचे बंधन नव्हते; ती आज्ञावली स्वतःच लावून घेई. गठ्ठा हातातून निसटून कार्डे विस्कटण्याचा प्रसंग ज्यांनी अनुभवला असेल, त्यांना या सवलतीचे मोल निराळे सांगावयास नको.

आठ स्तंभांत एक संख्या बसवावयाची म्हणजे काटकसर आलीच. दशांश-चिन्ह अत्यावश्यक, कारण त्याच्याच आधारे पूर्णांक आणि वास्तव संख्या यांतील भेद आज्ञावलीला कळे. घातांक दाखविणारे अक्षर मात्र गाळण्याची मुभा होती. म्हणून दहाचा सातवा घात १.०+७ असा लिहीत. ही लेखनपद्धती आजही प्रचारात आहे. कार्ड-वाचक यंत्रे संग्रहालयांत जमा झाल्यालाही आता बराच काळ लोटला, तरी नास्ट्रानची फाइल उघडताच तेच आठ-आठ अक्षरांचे रकाने डोळ्यांपुढे उभे राहतात. अधिक अचूकता हवी असल्यास सोळा अक्षरांचे रकाने वापरावेत, अथवा स्वल्पविराम देऊन मोकळेपणाने लिहावे, अशा सोयी आहेत. परंतु फाइलीतील एका ओळीला अभियंते अद्यापही 'कार्ड' असेच म्हणतात.

या मांडणीत दोन उणिवा आहेत आणि त्या नुसत्या लेखनाच्या नाहीत. पहिली एककांची. नास्ट्रानचे कार्ड लांबी मीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये, हे सांगत नाही. सर्व एकके परस्परांशी सुसंगत ठेवावीत एवढीच अपेक्षा असते. मोटार-उद्योगात मिलिमीटर, न्यूटन, टन व सेकंद ही चौकडी रूढ आहे. तीनुसार पोलादाची घनता ७.८५-९ अशी लिहावी लागते, तर मीटर-किलोग्रॅम पद्धतीत तीच ७८५० होते. दोन कार्डांची अदलाबदल झाली तर वस्तुमानात एकावर बारा शून्ये इतक्या पटीचा फरक पडेल आणि आज्ञावली चकार शब्द काढणार नाही. अर्थात एवढी मोठी चूक उत्तर पाहताच ध्यानी येते. लहान चुका येत नाहीत, आणि खरे भय त्यांचेच आहे.

दुसरी उणीव सूक्ष्म आहे. 'सीक्वॉड-४' नावाचे कार्ड चार नोडांच्या एका कवचरूप घटकाचे वर्णन करते. हा घटक मूळच्या १९७० च्या संचात नव्हता; रिचर्ड मॅकनील यांनी त्याच्या मांडणीवर १९७८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आज अनेक आज्ञावल्या हे कार्ड वाचतात. परंतु त्या चार नोडांवरून स्टिफनेस मॅट्रिक्स कसे काढावयाचे, हे कार्डावर लिहिलेले नाही. ते प्रत्येक आज्ञावलीच्या पोटात असते आणि प्रत्येकीचे थोडेफार निराळे असते. तेव्हा फाइल अक्षरशः तीच असली, तरी दोन आज्ञावल्यांची उत्तरे तंतोतंत जुळतीलच असे नाही. हस्तलिखिताची शुद्ध नक्कल हाती आली म्हणून दोन टीकाकारांचे अर्थ एक होत नाहीत, तसाच हा प्रकार.

तरीही ही मांडणी टिकली, इतकेच नव्हे तर पसरली. मूळ आज्ञावलीचे अनेक विक्रेत्यांनी आपापले अवतार काढले. त्यांतील मॅकनील-श्वेंडलर यांचा अवतार सर्वांत प्रबळ ठरला. १९९९ मध्ये त्या कंपनीने आपल्या दोन प्रतिस्पर्धी नास्ट्रान-विक्रेत्या कंपन्या विकत घेतल्या. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००१ मध्ये त्यास हरकत घेतली. २००२ मधील तडजोडीनुसार कंपनीला आपल्या आज्ञावलीची एक प्रत हक्कांसह दुसऱ्यास देणे भाग पडले. ती पुढे यू.जी.एस. कंपनीकडे गेली आणि तिच्यापासून एन.एक्स. नास्ट्रान ही स्वतंत्र शाखा निघाली. मक्तेदारीच्या वादात एखाद्या विश्लेषक आज्ञावलीची प्रत काढून देण्याचा हुकूम व्हावा, ही घटना विरळाच. ग्राहकाच्या दृष्टीने तिचे मर्म हे की, अनेक वर्षांच्या जुन्या फाइली नव्या विक्रेत्याच्या आज्ञावलीत चालू शकत होत्या. दावा कंपनीच्या मक्तेदारीसंबंधी होता. पण त्यावरील उपाय व्यवहार्य ठरला तो बहुतांशी फाइलीची मांडणी समाईक असल्यामुळे.

येथवर विचार झाला तो विश्लेषणाच्या प्रतिमानाचा, म्हणजे नोड व घटक यांच्या जाळीचा. पण जाळी ज्या आकारावर विणावयाची, तो आकार कोठून येतो? १९७० नंतरच्या दशकात आरेखनाच्या संगणकीय पद्धती कारखान्यांत आल्या आणि प्रत्येक विक्रेत्याने आपल्या फाइलीची गुप्त अशी घडण केली. दहा पद्धती परस्परांशी जोडावयाच्या, तर दर जोडीला दोन या हिशेबाने नव्वद रूपांतरक लागतात. मध्ये एक तटस्थ फॉरमॅट ठेवला, तर वीस पुरतात. हे साधे गणित दुसऱ्या प्रवाहाचे बीज होय. १९७९ च्या उत्तरार्धात अमेरिकन हवाई दलाच्या पाठिंब्याने नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स, बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या तज्ज्ञांनी हे काम हाती घेतले. रॉजर नेगल, वॉल्टर ब्रेथवेट व फिलिप केनिकॉट ही त्यांतील प्रमुख नावे. बोइंग व जनरल इलेक्ट्रिक यांनी स्वतःच्या कामासाठी केलेल्या मांडण्या आधाराला होत्या. म्हणूनच अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी १९८० मध्ये, मसुदा प्रसिद्ध होऊ शकला. त्याला 'आयजेस' हे नाव मिळाले. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ 'प्रारंभिक' असा होतो. १९८१ मध्ये त्याला अमेरिकन राष्ट्रीय मानकात स्थान मिळाले, १९९६ मध्ये ५.३ ही त्याची अखेरची आवृत्ती निघाली, आणि नावातील 'प्रारंभिक' हा शब्द शेवटपर्यंत तसाच राहिला.

आयजेसची फाइल पाहिली म्हणजे समितीही आपल्या काळाच्या सवयींतून सुटत नाही, हे पटते. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची. त्र्याहत्तराव्या स्तंभात ओळ कोणत्या विभागाची आहे ते सांगणारे एक अक्षर आणि पुढील सात स्तंभांत ओळीचा अनुक्रमांक. निर्देशिकेत प्रत्येक वस्तूसाठी दोन ओळी, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे वीस रकाने. मजकुराचा तुकडा लिहावयाचा तर आधी त्यातील अक्षरांची संख्या, मग रोमन एच, आणि नंतर मजकूर. १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी छिद्रपत्रांची यंत्रे बनविणाऱ्या हर्मन हॉलरिथ यांच्या आडनावाचे ते आद्याक्षर. पडद्यावर वक्र पृष्ठे फिरविणाऱ्या पद्धतींनी परस्परांशी बोलावे ते एकोणिसाव्या शतकातील या यंत्रकाराच्या नावाने, यात विनोद आहे खरा. नास्ट्रानच्या तुलनेत एका बाबतीत मात्र समितीने निश्चित सुधारणा केली. फाइलीच्या सर्वसाधारण विभागात एकक कोणते आणि रेखाटनाची सूक्ष्मता किती, हे नमूद करण्याची सोय ठेवली.

आयजेसने रेषेला ११०, वर्तुळ-कंसाला १०० असे वस्तूंना क्रमांक दिले. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत नोड व फायनाइट एलिमेंट यांनाही क्रमांक मिळाले, परंतु विश्लेषकांनी त्यांचा फारसा अंगीकार केला नाही; त्यांच्याजवळ नास्ट्रानची कार्डे होतीच. आकारांच्या बाबतीत मात्र आयजेस सर्वत्र पोहोचले आणि त्याचे दोषही त्याबरोबर पोहोचले. एकच वक्र अनेक प्रकारे लिहिता येत असे, आणि प्रत्येक विक्रेता आपल्याला सोयीचे तेवढेच प्रकार उचली. त्यामुळे तटस्थ म्हणविणाऱ्या फॉरमॅटच्याही पोटभाषा झाल्या. दुसरा दोष विश्लेषकाला अधिक जाचक होता. घन वस्तूची सीमा पूर्णपणे सांगण्याची सोय आयजेसमध्ये उशिरा, १९९० नंतर आली. तोपर्यंत वस्तू पोहोचे ती सुट्या पृष्ठांच्या रूपाने. शेजारच्या दोन पृष्ठांची कडा एकच आहे, हे फाइल सांगत नसे. वाचणाऱ्या आज्ञावलीने अंतर मोजून ते ठरवावयाचे.

अंतर किती असले म्हणजे कडा एक मानावी? येथे प्रश्न आकाराचा न राहता टॉलरन्सचा होतो. केंब्रिजमधील संशोधनाच्या परंपरेतून निघालेला पॅरासॉलिड आणि १९८९ मध्ये आलेला एसिस, हे घन आकारांचे गणित करणारे दोन प्रसिद्ध गाभे आहेत. पॅरासॉलिडची अंतराची मर्यादा एकावर आठ शून्यांच्या भागाइतकी सूक्ष्म, तर एसिसची एकावर सहा शून्यांच्या भागाइतकी. एका ठिकाणी ज्या दोन कडा बिनचूक जुळलेल्या, त्याच दुसऱ्या ठिकाणी उसवलेल्या ठरतात. चित्र पाहणाऱ्याला ती फट दिसतही नाही. जाळी विणणारी आज्ञावली मात्र तेथेच अडते, किंवा त्या फटीत केसासारखे बारीक त्रिकोण कोंबते, आणि मग ताणाचे आकडे निरर्थक येतात. ही उसवण शिवण्याचे, अनावश्यक बारकावे पुसण्याचे व जाळी बसविण्याचे काम हा एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला. पुण्यातील अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या कार्यालयांतून परदेशी मोटार-कारखान्यांसाठी हे काम चालते, ते याच कारणाने. टॉमस ह्यूज, कॉट्रेल व बाझिलेव्ह्स यांनी २००५ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात मोटार, विमान व जहाज या उद्योगांत विश्लेषणाच्या एकूण वेळेपैकी सुमारे ८० टक्के वेळ जाळीच्या सिद्धतेत जातो, असा अंदाज दिला आहे. अमेरिकन मानकसंस्थेच्या वतीने १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात एकट्या अमेरिकन मोटार-उद्योगाचे या बेबनावापायी होणारे नुकसान दरसाल किमान १०० कोटी डॉलर धरले होते.

आयजेसच्या अनुभवाने युरोप स्वस्थ बसला नव्हता. जर्मन मोटार-उद्योगाने मुक्त वक्र पृष्ठांपुरता व्ही.डी.ए.-एफ.एस. हा आटोपशीर फॉरमॅट काढला, तर फ्रान्समध्ये एरोस्पासिआल या विमान-कंपनीतून सेट हा फॉरमॅट निघाला. देशागणिक मानके होणार, अशी चिन्हे दिसू लागताच १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने यासाठी उपसमिती स्थापन केली. तिचे फलित म्हणजे स्टेप, अर्थात आय.एस.ओ. १०३०३. पहिले भाग प्रसिद्ध व्हावयास १९९४ साल उजाडले. आयजेसला काही महिने लागले होते, स्टेपला दहा वर्षे. या दहा वर्षांचा हिशेब केवळ दिरंगाई म्हणून मांडणे न्याय्य होणार नाही. समितीने आधी 'एक्स्प्रेस' नावाची वर्णनभाषा सिद्ध केली. वस्तू म्हणजे काय, तिचे गुणधर्म कोणते, त्यांच्यावर निर्बंध कोणते, हे तीत सांगावयाचे. फाइलीची लिपी हा निराळा भाग केला. त्यात स्तंभांचे बंधन उरले नाही. प्रत्येक विधानाला क्रमांक, आणि एका विधानाने दुसऱ्याचा उल्लेख करावयाचा तो त्या क्रमांकाने. दोन पृष्ठांची समाईक कडा आता एकच कडा म्हणून लिहिता येऊ लागली. अर्थ आणि लिपी यांची ही फारकत हेच स्टेपचे खरे शास्त्रीय कार्य होय. आकारांच्या व्यवहारात त्याने आयजेसला मागे सारले, ते योग्यच झाले.

परंतु समिती विचार करीत असता जग थांबले नव्हते. १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर ही आरेखन-पद्धती बाजारात आली आणि तिने आकाराची कल्पनाच बदलली. अभियंता आता अंतिम आकार न सांगता कृती सांगू लागला : हा ठोकळा घ्या, त्यात कडेपासून अमुक अंतरावर भोक पाडा, भोकाचा व्यास जाडीच्या निम्मा ठेवा. जाडी बदलली की भोक आपोआप बदले. स्टेपच्या फाइलीतून पलीकडे जाई तो भोक असलेला ठोकळा. ते भोक तेवढेच का, हे मागेच राही. २००५ मध्ये अशा परस्परसंबंधांसाठी भाग १०८ प्रसिद्ध झाला, पण विक्रेत्यांनी तो मनावर घेतला नाही. आपल्या ग्राहकाचे संपूर्ण ज्ञान दुसऱ्याच्या पद्धतीत सुखरूप जावे, यात विक्रेत्याला काय लाभ, असा रोखठोक प्रश्न येथे उपस्थित होतो. समित्यांच्या टिपणांत त्याला सहसा स्थान मिळत नाही.

हे मागे राहणारे ज्ञान किती महाग पडते, याचे उदाहरण एअरबसच्या ए-३८० विमानाने घालून दिले. हॅम्बुर्ग येथील अभियंते कॅटिया या पद्धतीची चौथी आवृत्ती वापरीत, तर तुलूझ येथील पाचवी. नाव एक आणि कर्ती कंपनीही एक, तरी पाचवी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. हॅम्बुर्गहून आलेल्या विभागांतील विजेच्या तारांचे जुडगे तुलूझ येथे जोडणीच्या वेळी अपुरे पडू लागले. २००६ मध्ये विलंब जाहीर करावा लागला आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडले ते ऑक्टोबर २००७ मध्ये, सुमारे दोन वर्षे उशिरा. दोष सर्वस्वी फाइलींचा नव्हता. दोन देशांतील कार्यपद्धती व व्यवस्थापन यांचाही त्यात वाटा होता. पण आकार पोहोचला म्हणजे प्रतिमान पोहोचले, ही समजूत त्या प्रसंगाने फोल ठरविली.

या सर्व खटाटोपाच्या शेजारी एका अगदी गरीब फॉरमॅटचे यश ठेवून पाहावे. १९८७ मध्ये थ्री-डी सिस्टिम्स या कंपनीच्या द्रवरूप राळेतून थराथराने वस्तू घडविणाऱ्या यंत्रासाठी एस.टी.एल. तयार झाला. त्याच्या द्विमान रूपात ८० बाइटांचे शीर्षक (येथेही ८०!), मग त्रिकोणांची संख्या, आणि पुढे दर त्रिकोणाला ५० बाइट. एकक नाही, कोणता त्रिकोण कोणाला लागून आहे याची नोंद नाही, वर्तुळाचा पत्ता नाही. तरी तो लिहिणारी व वाचणारी आज्ञावली विद्यार्थी एका दुपारी लिहू शकतो, आणि त्रिमितीय मुद्रणाच्या क्षेत्रात त्याचे स्थान अजून कोणाला पुरते हिरावून घेता आलेले नाही.

विश्लेषणाच्या प्रतिमानाकडे समिती पुन्हा वळली ती स्टेपच्या द्वारे. २००० मध्ये फायनाइट एलिमेंटसंबंधीचा भाग १०४ आणि २००१ मध्ये संरचना-विश्लेषणाचा ए.पी. २०९ प्रसिद्ध झाला. आकार, जाळी, भार, द्रव्यगुण आणि उत्तरे ही सर्व एकाच संहितेत, परस्परांशी जोडलेली ठेवावयाची, असा त्याचा आवाका आहे. २०१४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी विमान व मोटार या उद्योगांची आरेखन-मानके एकत्र करणारे ए.पी. २४२ ही आले. विमान-उद्योगाला याची निकड निराळ्या कारणाने आहे. विमान पन्नास वर्षे उडते; ज्या आज्ञावलीने त्याच्या पंखाचा हिशेब झाला, ती त्यापूर्वीच बाजारातून जाते. तो हिशेब पुढेही वाचता यावा, यासाठी लोटार या नावाने दीर्घकालीन जतनाचा उपक्रम चालू आहे आणि त्यातील विश्लेषण-विभागाने ए.पी. २०९ चा आधार घेतला आहे. त्यासाठी जे रूपांतरक तयार झाले, त्यांत नास्ट्रानच्या फाइली वाचणारे रूपांतरक आहेत. कार्डावरील आठ-आठ अक्षरांचे रकाने एकामागून एक उलगडावयाचे, घातांकाचे गाळलेले अक्षर ओळखावयाचे, आणि जेथे एककाची नोंद नाही तेथे ते कोणते होते हे त्या वेळच्या अभियंत्याच्या टिपणांतून शोधून काढावयाचे, अशा क्रमाने ते काम पुढे सरकते.